गुरचरणावरची काळी पुडी

पुडीतली पावडर काळी होती, आणि काळ्या पावडरीबद्दलचं माझं मत ती पुडी पाहण्याच्या खूप आधी तयार झालेलं होतं.

मी अंबरनाथची. आमच्या घरामागून एक नाला वाहायचा आणि आज तो कुठल्या रंगाचा असेल हे आई नुसत्या वासावरून सांगायची. वडील रंगाच्या कारखान्यात होते. त्यांचे तळवे रविवारीसुद्धा पिवळे असत, म्हणून त्यांनी कालवलेला भात मी लहानपणी खात नसे. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. पिठाच्या डब्याखाली, फडताळात, वडिलांच्या उशीखाली, सगळीकडे पत्रकंच. 'कामगार बंधूंनो' हे शब्द मी 'कमळ'च्या आधी वाचले असतील. पत्रकातलं जग मला पटायचं. तिथे कुणीतरी काहीतरी लपवत असतं आणि ते उघडं करायचं असतं. ते करणं आपलंच काम आहे अशा समजुतीत मी वाढले, आणि ती समजूत आजही फारशी सुटलेली नाही.

नव्वदनंतरची पहिली काही वर्षं. आम्ही चार-पाच जण बदलापूरच्या पलीकडे, बारवी धरणाच्या वाटेवरच्या एका पाड्यावर बायकांना लिहायला-वाचायला शिकवत होतो. माझी पाळी शनिवार-रविवारची. मुक्काम एका बाईंच्या घरी. त्यांचा नवरा वारलेला, मुलगा भिवंडीला कामावर. सगळा पाडा त्यांना मावशी म्हणायचा, म्हणून मीही. थोडी भातशेती, एक गाय आणि एक बैलजोडी, एवढा मावशींचा संसार. पाड्याच्या डोक्यावर गुरचरणाचा माळ. जमीन मुरमाड आणि उताराची, पावसात हिरवी दिसायची खरी, पण त्यावरचं गवत दिवाळी सरते न सरते तोच वाळून त्याची कुसळं व्हायची. उन्हाळ्यात बैलांच्या बरगड्या दिसायला लागायच्या आणि त्याच बैलांना जूनमध्ये नांगराला जुंपावं लागायचं.

"ह्यो माळ हाय म्हणून बैल हायत," मावशी म्हणायच्या. "माळ गेला का त्यांना बाजार दाखवायचा."

माळ जाण्याची भीती उगाच नव्हती. खालच्या मोठ्या गावात सरपंचांकडे एक जीप येऊ लागली होती. जीपवाल्याला खडीचा क्रशर टाकायचा होता आणि आमच्या माळाखाली चांगला काळा दगड आहे असं त्याच्या कानावर गेलं होतं. सरपंच उघड काही बोलत नसत. एवढंच म्हणत, "त्या पडीक जमिनीचं कायतरी व्हायला पायजे."

अशात मे महिन्यात चाऱ्याच्या योजनेचे साहेब आले. सडपातळ, चष्मा लावणारे, खाली मान घालून बोलणारे. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातून स्कूटरवर यायचे. मारुतीच्या देवळापुढे त्यांनी पाड्यातल्या पुरुषांची बैठक घेतली. मी न बोलावता जाऊन बसले. योजना अशी होती: माळाचा एक तुकडा वर्षभर गुरांना बंद करायचा, भोवती तार मारायची आणि आत स्टायलो नावाचं, शेंग धरणारं चाऱ्याचं पीक पेरायचं. तो तुकडा साधला तर पुढच्या वर्षी पुढचा. बी फुकट, तारही फुकट.

फुकट आणि तार हे दोन शब्द एका वाक्यात आले की मला पुढचं ऐकू येत नसे.

"तार कशाला?" मी विचारलं.

"गुरं शिरू नयेत म्हणून."

"आणि वर्षानं ती काढणार कोण?"

साहेबांनी चष्मा सारखा केला. "गावानं काढावी."

"हे लिहून द्या."

"ताई, मी गवताचा माणूस आहे," ते म्हणाले. "तारेचं मला लिहून देता येत नाही."

या वाक्यात मला सगळं कारस्थान दिसलं. आधी तार येणार, मग तारेच्या आत जीप येणार. हा माणूस जीपवाल्याच्याच ओळखीचा असणार, असं मी त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवलं.

जूनमध्ये जमीन ओली झाल्यावर साहेब पुन्हा आले, आणि तोवर मारून झालेल्या तारेच्या आत एक लांब पट्टा त्यांनी स्वतः पेरून दाखवला. या वेळी आजूबाजूला बायका होत्या, कारण पुरुष भाताच्या रोपांसाठी राबाच्या कामात होते. स्टायलोचं बी बारीक, आणि त्याचं टरफल फार टणक. म्हणून आधी ते कढत पाण्यात घातलं. मग उपसून गार केलं, वर गुळाचं पाणी शिंपडलं, पुडीतली काळी पावडर चोळली आणि सावलीत पसरून ठेवलं.

"ऊन पान्यानं आंघोळ घातली, गूळ भरवला, काजळ लावला," एक बाई म्हणाली. "आता नवरा कुठनं आनायचा तेवढं सांगा, सायेब."

"नवरा त्या पावडरीतच आहे," साहेब म्हणाले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच. मग ते उकिडवे बसून समजावू लागले. पावडर म्हणजे नुसती कोळशासारखी भुकटी. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात, जिवंत. ते या झाडाच्या मुळात शिरतात, तिथे गाठ करतात आणि गाठीत राहतात. झाड त्यांना साखर देतं. ते हवेतला नत्र, जो झाडाला एरवी घेता येत नाही, तो झाडाला खाता येईल असा करून देतात. अशी जमीन खत न टाकता सुधारते.

"म्हंजी अर्धेलीनं," मावशी म्हणाल्या. "जागा त्याची, काम ह्याचं."

"अगदी तसंच."

"मग अर्धेलीत कोन कोनाला फसवतो?"

साहेब सावलीतलं बी हाताने हलवू लागले. मला मात्र मावशींचा प्रश्न फार आवडला.

उरलेलं बी आणि पुड्या त्यांनी मावशींच्या घरी ठेवल्या, कारण पाड्यात त्यांचंच घर गळत नव्हतं. "तीन-चार दिवसांत पेरून टाका," असं सांगून ते स्कूटरला किक मारून गेले. पुड्या कुठे आणि कशा ठेवायच्या हे ते देवळापुढच्या बैठकीत बोलले होते म्हणे. मी तिथे होते, पण माझं लक्ष तारेत अडकलेलं. बाकी ऐकणारे सगळे पुरुष, आणि आमच्या पाड्यात बी राखणं हे बायकांचं काम. पुरुषांच्या कानी पडलेलं बायकांच्या हातापर्यंत पोचलंच नाही.

मी एक पुडी हातात घेऊन उलटसुलट वाचली. मी शोधत होते ते कारखान्याचं नाव. कुणाची राख, कुणाचा गाळ असा काळा करून आमच्या गुरांच्या तोंडात घालताहेत ते मला हवं होतं. तळाशी बारीक अक्षरात पिशवी छापणाऱ्याचा पत्ता सापडला: उल्हासनगर, कॅम्प नंबर एक. आमच्या भागात कुठलीही वस्तू दोन दिवसांत बिघडली की लोक म्हणत, उल्हासनगरच्या सिंध्यांचा माल असेल. कुठल्याही समाजाबद्दल असं सरसकट बोलणाऱ्याशी मी चारचौघांत भांडले असते. पण तो पत्ता वाचून माझ्याही मनात पहिला शब्द आला तो डुप्लिकेट.

मी पाड्याला थांबवलं. योजनेच्या कचेरीला सात प्रश्नांचं पत्र पाठवलं आणि लेखी उत्तर येईपर्यंत पेरायचं नाही असं ठरवून घेतलं. अंबरनाथला जाऊन स्टेन्सिल कापलं, सायक्लोस्टाइलवर पत्रक काढलं आणि खालच्या मोठ्या गावापर्यंत वाटलं. मथळा होता, 'काळी पावडर कुणाची?' माझ्या मते ते माझं तोवरचं सर्वांत चांगलं पत्रक होतं.

तीन आठवडे गेले. कचेरीचं उत्तर आलं नाही. मावशी एका रविवारी म्हणाल्या, "ताई, तुझा कागद येल तवा येल. रान माजलंय. बी सडून गेल्यावर कागद पेरू का?" भातलावणीतून एक दिवस काढून बायकांनीच उरलेला तुकडा पेरला. कढत पाणी, गूळ, पावडर, सावली, सगळं दाखवलं होतं तसं केलं. मी बाजूला उभी राहून बघितलं आणि मदत केली नाही.

गणपती झाल्यावर तारेच्या आत दोन रंग दिसू लागले. साहेबांनी पेरलेला पट्टा गुडघ्यापर्यंत दाट आणि गर्द. त्याला लागूनच बायकांनी पेरलेला भाग बोटभर उंचीचा, पिवळट, आजारी. नंतर पेरलं म्हणून थोडा फरक पडला असता, पण हा रंगाचाच फरक होता. मला त्याचा अर्थ लगेच लागला. नमुना खरा दाखवायचा आणि माल खोटा द्यायचा, हा धंदा मी ऐकून होते.

साहेब आले तेव्हा मी तसंच म्हणाले. ते दोन्हीकडची रोपं मुळासकट खणून पाण्याच्या घमेल्यात धुऊ लागले. त्यांच्या पट्ट्यातल्या मुळांना मोहरीएवढ्या गाठी होत्या. त्यांनी एक गाठ नखाने चिरली. आत गुलाबी, मांसासारखी लाल.

"ही जिवंत. काम करतेय," ते म्हणाले.

मग पिवळ्या रोपांची मुळं. स्वच्छ, पांढरी, एकही गाठ नाही. दहा रोपं धुतली, दहाही तशीच.

"इथे जिवाणू पोचलेच नाहीत."

"पोचले नाहीत, की पुडीत नव्हतेच?"

"माझ्या पट्ट्याची पुडी त्याच खोक्यातली होती, ताई."

"असं तुम्ही म्हणता."

त्यांनी हात धुतले, रुमालाला पुसले. "शोधा तुम्ही. मलाही कळलं तर बरंच," असं म्हणून ते निघून गेले. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्याच आठवड्यात खालच्या गावात ग्रामसभेची दवंडी झाली. विषय, पडीक गुरचरणाचा विनियोग. मावशींनी मला विचारलं, "विनियोग म्हंजी काय?" मी सांगितलं. त्या उठून गोठ्यात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मी एक रिकामी पुडी घेऊन उल्हासनगर गाठलं. एक नंबर कॅम्पातली ती गल्ली पिशव्यांची, डब्यांची, लेबलांची होती. पुडीवरच्या पत्त्याचं दुकान म्हणजे दहा फुटांची खोली, आत एक छपाईचं मशिन आणि मशिनपुढे बनियनवर बसलेले एक सिंधी काका. मी पुडी त्यांच्यासमोर टाकली आणि विचारलं, आत काय भरलंत?

"भरना हमारा काम नहीं, बेटा. आम्ही फक्त थैली छापतो. पार्टी थैली घेऊन जाते, कल्चर, म्हणजे ती काळी पावडर, तिकडे भरते."

"मग कल्चर खरं की खोटं तुम्हाला माहीत नाही."

"मला काय माहीत? मी शेतकरी दिसतो?" त्यांनी पुडी उचलून उजेडाला धरली. "ये तो जली हुई है. बघ, प्लास्टिक वाकडं झालंय. शाई पण तडकली. चूल्हे पे रखा था क्या?"

मला काही कळलं नाही.

"पूरा पढ़ा?"

"वाचलं."

"काय वाचलं?"

"तुमचा पत्ता."

ते हसले नाहीत, तेवढ्यासाठी मी आजही त्यांची आभारी आहे. त्यांनी बोट ठेवलं तिथे मराठीत, ठळक अक्षरांत छापलेलं होतं: पाकीट थंड जागी ठेवावे, ऊन व उष्णतेपासून दूर ठेवावे, लवकर वापरावे. "ही लाईन मोठी कर म्हणून पार्टीचा माणूस दोन वेळा आला. चष्मेवाला, स्कूटरवर. मी बोललो, साईं, एवढी मोठी लाईन कोण वाचतंय? तर बोलला, कोणीतरी वाचेल."

पाड्यावर पोचले तेव्हा मावशी भाकरी थापत होत्या.

"मावशी, पुड्या कुठे ठेवल्या होत्या?"

"कुठं म्हंजी? बियाच्या जागी." त्यांनी भाकरीच्या पिठाचं बोट वर केलं. चुलीच्या बरोबर वर बांबूची ताटी टांगलेली होती, धुराने काळी कुळकुळीत. तिच्यावर काकडीचं, भोपळ्याचं, वालाचं बी पुडक्यांत बांधून ठेवलेलं. तिथे रोज धूर लागतो म्हणून बियाला कीड धरत नाही. पाड्यातल्या प्रत्येक घरात बी असंच राहतं, आणि पिढ्यान् पिढ्या चांगलं राहिलं आहे. मी हात वर नेला. काही वेळाने धगीने काढून घ्यावा लागला.

"जिवंत हाय म्हनला ना त्यो," मावशी म्हणाल्या. "मग जिवंत वस्तू वल्या भुईला ठेवू? आनि बियाला तर त्यानं सोता कढत पानी घातला. मी म्हनलं, ह्याला ऊब लागत असंल."

यात चुकीचं काय होतं ते मला सांगता येईना. त्यांनी त्या पुड्यांना घरातली सर्वांत जपलेली जागा दिली होती. तीन-चार दिवस तिथे राहिल्या असत्या तर कदाचित काही वाचलंही असतं. तीन आठवडे मी ठेवायला लावल्या होत्या, आणि मावशींच्या घरात एकटी मीच वाचणारी होते.

मी हे सगळं सांगितलं. मावशींनी तव्यावरची भाकरी उलटली. "म्हंजी त्यो खोटा नव्हता," त्या म्हणाल्या, आणि भाकरी उतरवताना, "बग हां, आता तरी नीट बगितलंस ना?"

ग्रामसभेत सरपंचांनी सुरुवातीलाच खिशातून एक कागद काढला. माझं पत्रक. त्यांनी ते मोठ्याने, चांगल्या उच्चारांत वाचलं. काळी पावडर, कारखान्याचा गाळ, गुरांच्या जिवाशी खेळ. माझी वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून इतकी जोरदार वाटतील असं मला वाटलं नव्हतं. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "हे आमी नाय लिवलेलं. शिकलेल्या ताईंनी लिवलंय. तिथं गवत येत नाय हे सगल्यांनी डोल्यानं बघितलं. मग त्या जागेचा गावाला उपेग व्हावा, इतकाच आमचा इचार." मागच्या बाकावर जीपवाला बसला होता. तारेवरून माझा संशय ज्या दिशेला गेला होता ती दिशा बरोबर होती. फक्त मी पकडला होता भलताच माणूस, आणि खऱ्या माणसाच्या हातात कागद दिला होता तोही माझाच.

मी उभी राहिले. म्हटलं, पत्रक माझं आहे आणि त्यातलं पावडरीबद्दलचं प्रत्येक वाक्य खोटं आहे. बी चांगलं होतं, पुडी चांगली होती. पेरणी मी अडवली, आणि तेवढ्या काळात साठवण नीट झाली नाही.

"कोनी साठवली?" सरपंचांनी विचारलं.

ते मला सांगायचं नव्हतं. मी गप्प राहिले आणि तो गप्पपणा वाईट दिसू लागला. तेव्हा मागून मावशी उठल्या. भरल्या सभेत बोलायची त्यांची ती पहिलीच वेळ होती, आणि त्या सरपंचांकडे न बघता जीपवाल्याकडे बघून बोलल्या.

"मीनं चुलीवर टांगल्या. आमी सगला बी चुलीवरच ठेवतो. पुडीचा काय करायचा ते देवलाम्होरं सांगितला, पुरुषांना. बी आमी राखतो, आमाला कोनी बोलावला? आता ठावं झाला. एक पावसाला द्या. तवाबी नाय उगवला तर मंग फोडा दगड."

"एक पावसाला म्हंजी वर्ष जातं, मावशी," सरपंच म्हणाले.

"जाऊं दे. दगड कुठं पलतोय?"

सभा हसली. हसलेल्या सभेपुढे सरपंचांना ठराव रेटता आला नाही. विषय पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत तहकूब झाला, इतकंच.

पुढच्या जूनमध्ये साहेबांनी ताज्या पुड्या आणल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून. या वेळी बायकांना आधी बोलावलं. मी पुडीवरची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पिवळ्या पडलेल्या जागेच्या अर्ध्या भागात पुडी, अर्ध्या भागात नाही.

"मग त्या अर्ध्या भागात काय?" साहेबांनी विचारलं.

मावशींनी साहेबांच्या गेल्या वर्षीच्या हिरव्या पट्ट्यातली माती टोपलीत भरायला सुरुवात केली होती. गाठी या मातीत झाल्या, म्हणजे ते जे काही आहे ते या मातीत असणार, असा त्यांचा हिशेब.

साहेबांनी त्यातली मूठभर माती उचलून पाहिली. "हे चालतं," ते म्हणाले. "पुस्तकात आहे, जुनी रीत म्हणून. पण पुडीची खात्री जास्त."

"खात्री तुमची, सायेब. ही माती आमी बगितलेली हाय."

सहा बायका दिवसभर माती वाहत होत्या. मीही वाहिली. मान अवघडली, आणि प्रत्येक टोपलीबरोबर मला वाटत होतं की हेही फसेल आणि या वेळी दोष द्यायला कुणी नसेल.

गणपती झाल्यावर आम्ही दोन्ही भागांतली रोपं खणली. मी घमेल्यात मुळं धुवायची, मावशी गाठ शोधून नखाने चिरायच्या. पुडीच्या भागातल्या बहुतेक मुळांना लाल गाठी निघाल्या. मातीच्या भागात काहींना होत्या, काहींना मुळीच नव्हत्या. मावशी प्रत्येक चिरलेली गाठ माझ्यापुढे धरायच्या आणि मी 'लाल' म्हटल्याशिवाय टाकायच्या नाहीत. साहेब एका दगडावर बसून वहीत लिहून घेत होते.

दिवाळीला ठराव आला नाही. माळ हिरवा आहे हे खालच्या रस्त्यावरूनही दिसत होतं, आणि हिरव्या जमिनीला पडीक म्हणणं सरपंचांना त्या वर्षी जड गेलं असावं. त्या उन्हाळ्यात बैल बाजारात गेले नाहीत. तारेच्या आतला चारा कापून, भारे बांधून बायकांनी वाटून घेतला. तार मात्र कुणी काढली नाही. पुढच्या पौषात त्याच जीपमधून दोन माणसं उतरली आणि तारेच्या बाहेरच्या भागात, जिथे अजून काही पेरलेलं नव्हतं, पावलांनी जमीन मोजू लागली. मावशी कुऱ्हाड खांद्यावर टाकून लाकडाला निघाल्या होत्या. त्या वाटेतच थांबल्या, आणि ती माणसं जीपमध्ये बसेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.